खेकडा घेऊन जा गे नारबोद

गावाकडून,
१६ सप्टेंबर २००२

लोकेंद्र,

आशीर्वाद मागून लिहीन, आधी भांडण.

तू बायको-पोरीला घेऊन गोंदियाला खोली केलीस, हे मला केशोरावकडून समजलं. सख्ख्या बहिणीला केशोरावनं सांगावं. गाय दोहून येते तर तुझ्या दाराला कुलूप, आणि शेजारीण मला विचारते, "तुमाले मालूम नाही का?" तुझ्या राइस मिलमध्ये फोन केला तर मुनीम म्हणतो, "लोकेंद्र भैया काम पे है." परत केला तरी तेच. म्हणून आता कागद. कागदाला काम पे है सांगून वाटेला लावता येत नाही.

जाताना तू म्हणे म्हणालास की भूमेश्वरीताईनं माझ्या पोरीला चार लोकांत बापाविरुद्ध उभं केलं. तर जसं झालं तसं मी लिहून राहिली आहे. तू अर्ध्यातच तिचा हात ओढत निघून गेला होतास.

पोळ्याच्या दिवशी अंगणवाडीत मी पोरांना गोल बसवून सांगितलं की उद्या सकाळी नारबोद. पळसाच्या फांद्या घेऊन आपण शिवेवर जाऊ. घरात, गावात जे नको ते नारबोदच्या अंगावर घालायचं, ती सगळं घेऊन जाते. मोठी माणसं खासी-खोकला म्हणतात, मच्छर-ढेकूण म्हणतात. तुम्ही आपापल्या मनानं एकेक गोष्ट शोधून आणा. अट एकच, ती खरी असली पाहिजे. संजू लगेच म्हणाला, "आमच्या घरी वाघ येते." मी म्हटलं, लबाड बोलू नोको, वाघ नागझिऱ्याच्या जंगलात राहते, तुमच्या घरी मांजर येते. सगळी हसली. तुझी हर्षिता हसली नाही, ती विचार करत बसली होती. तिला पाचवं वर्ष लागलं तेव्हापासून ती अशी बसते, तू पाहिलंच असेल.

सकाळी शिवेवर एकानं "बाबाची दारू घेऊन जा गे नारबोद" म्हटलं. त्याची आई पदरात तोंड लपवून हसली. एकीनं "आजीचा गुडघा घेऊन जा" म्हटलं तर आजी मागून ओरडली, गुडघा नोको नेऊ वं बाई, दुखणं ने. असं हसणं-खिदळणं चाललं होतं. मग तुझी पोरगी पुढे आली. नवा फ्रॉक, काखेत लाकडाचा नंदी.

"बाबाचा खेकडा घेऊन जा गे नारबोद."

लोक हसले. केशोरावनं विचारलं, "कोनता खेकडा वं बाई?"

ती म्हणाली, "ताराचंद काकाच्या बांधीचा धुरा फोडते थो. त्याच्यापाशी फावडा आहे."

मग कोणी हसलं नाही.

आता तू म्हणशील, हे तिला ताईनं शिकवलं. मी कुठून शिकवू? धुरा फुटला त्या दिवशी फटफटताना सायकलच्या दांडीवर बसवून तिला धानाच्या बांधीवर तू नेलं होतंस. तलावाच्या पाण्याची पाळी ताराचंदची होती. पाऊस दडी मारून बसलेला, सगळ्यांचं धान पिवळं पडून राहिलेलं. सकाळी लोकांनी पाहिलं तर त्याची बांधी कोरडी आणि तुझी भरलेली. दोन बांधींमधला मातीचा धुरा फुटलेला. ताराचंद म्हणाला, लोकेंद्रनं फोडला. तू पंचांसमोर म्हणालास, खेकड्यानं पोखरला. पंचांना तुझं पटलं. पटवून घ्यायचंच होतं त्यांना, तू आपल्यातला, तो बौद्ध मोहल्ल्यातला. केशोराव पंचांत सगळ्यांत मोठे. त्यांनी ठरवलं की ताराचंदनं खोटा आळ घेतला, त्याची पुढची पाळी बंद. तेवढ्या दिवसांत त्याचं धान वाळलं. मीसुद्धा तुझ्याच बाजूनं बोलली. भावाच्या बाजूनं नाही बोलणार तर कोणाच्या?

मला पंचायत भरवायची नाही. ताराचंदची पाळी केशोरावनं गुपचूप सुरू करून दिली, तोंडानं कोणीच काही म्हटलं नाही. तू फक्त एक काम कर. हर्षिताला जवळ घे आणि सांग की तू खरं बोललीस, चांगलं केलंस. एवढंच. टेंपोत सामान चढवताना तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही, असं शेजारीण सांगते. तिला वाटत असेल की आपल्या तोंडामुळे घर सुटलं. हे तिच्या मनात राहिलं तर पुढे ती तुझ्याशीच काय, कोणाशीच खरं बोलणार नाही.

आता आशीर्वाद.

भूमेश्वरीताई


९ नोव्हेंबर २००२

लोकेंद्र,

दिवाळीनंतरच्या मंडईला, गावच्या जत्रेला, तू आला नाहीस. दूर दूर कामाला गेलेली पोरं मंडईसाठी आली आणि तुला गोंदियाहून आपल्या गावाकडची कामठ्याची बस मिळाली नाही. तुझी गुणवंता पोरीला घेऊन आली, सांगत होती, मिलमध्ये काम फार आहे. ती बिचारी तुझ्यासाठी खोटं बोलते आणि तिला ते बोलता येत नाही, कान लाल होतात.

हर्षिताबद्दल लिहायला बसली आहे.

आली ती दारातच उभी राहिली. मी म्हटलं, ये वं माय, भूक लागली का? तर म्हणते, "पता नहीं." मला वाटलं गोंदियाची हिंदी शिकली, छान झालं. विचारलं, शाळा आवडते का? "पता नहीं." मैत्रीण कोण? "पता नहीं." दिवसभर तेच. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या हातून पाण्याचा गिलास पडला, फरशीभर पाणी झालं. मी सहज म्हटलं, कोणाच्या हातून पडला गे? माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "पता नहीं."

पोट्टी लबाड बोलली असती तर मला घोर लागला नसता. लहान पोरं लबाड बोलतात. मांजरीनं दूध सांडलं म्हणतात, आणि दुधाच्या मिशा त्यांच्याच तोंडावर असतात. आपण हसतो, समजावतो, दोन दिवसांत विसरून जातात. ही लबाड बोलतच नाही. ही काहीच बोलत नाही. गुणवंतानं सांगितलं, शाळेच्या मॅडम खूश आहेत, लडकी बहुत शांत है म्हणतात. मॅडमला सांग, ही पोरगी अंगणवाडीत माझं डोकं खात होती. चांदोबा कोणाच्या बांधीत झोपते, मुंगीले सासू राहते का, एक ना दोन.

तू तिला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर ती अशी झाली नसती.

इकडे माझीही गत फार बरी नाही. नारबोद झाल्यापासून आया पोरं पाठवायला कचरतात. घनश्यामची बायको तोंडावर म्हणाली, "तुमच्यापाशी पोट्टं पाठवलं का घरची गोष्ट चव्हाट्यावर." मग मी पोरांना नव्यानं शिकवायला घेतलं. म्हटलं, लबाडी वेगळी, गंमत वेगळी आणि घरची गोष्ट वेगळी. आईबाबा घरात काय बोलले ते गावभर सांगायची गरज नाही, पण कोणाचं नुकसान होत असेल तर आपल्या माणसाला सांगायचं. मंडईच्या दंडारीत नंदलालनं राक्षसाचं सोंग घेतलं होतं. संजूनं विचारलं, "मंग नंदलाल लबाड होय का?" मी म्हटलं, नाही. खेळ आहे हे त्यालाही माहीत, तुलाही माहीत. समोरच्याला माहीत नसलं तर ती लबाडी. संजूला पटलं. म्हणाला, "पन मी तं भेलो होतो."

एक गोष्ट मागच्या वेळी लिहायची राहिली. राहिली कशाची, लिहिली नाही. नारबोदच्या आदल्या दिवशी घरी जाताना हर्षितानं मला विचारलं होतं, "आत्याबाई, नारबोद खरंच घेऊन जाते का?" मी घाईत होती, कुलूप लावून राहिली होती. म्हटलं, हो, खरंच नेते. तिनं आणखी काही विचारलं असतं, पण मी सायकलवर बसली.

गुणवंताजवळ चिवडा दिला आहे. अर्धा हर्षिताचा आहे, तू सगळा खाऊ नकोस.

ताई


२० जानेवारी २००३

लोकेंद्र,

तुझं उत्तर नाही, पण तू वाचतोस हे मला माहीत आहे. गुणवंता सांगते, तू पत्र खिशात घालून मिलला जातोस.

मागच्या आठवड्यात माझी फजिती झाली ती ऐक. तुला हसू येईल आणि यायलाच पाहिजे.

आमच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या. पोरांची वजनं पाहिली, खिचडी चाखली, खूश झाल्या. मग त्यांनी पोरांना विचारलं, तुमच्या बाई तुम्हाला काय शिकवतात? सगळे एका सुरात म्हणाले, खरं बोलावं. मी अशी फुगली म्हणतोस. मॅडमनी गमतीनं विचारलं, मग खरं सांगा, बाई कशा आहेत? संजू उभा राहिला. "बाई चांगली आहे. जेवल्यावर झोपते. घोरते बी."

मॅडम माझ्याकडे पाहून राहिल्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, की मॅडम, लहान पोट्टं आहे, काहीही बोलते. एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता, मॅडमनाही तेच हवं होतं. पण समोर सगळी पोरं बसली होती. तीच पोरं, ज्यांना मी रोज घोकवते. मी म्हटलं, खरं आहे मॅडम. दुपारी माझा डोळा लागते. मॅडमनी मला बाहेर नेऊन चांगलंच झापलं. चूक माझी होती, ऐकून घेतलं. लाज वाटली. पण संध्याकाळी भाकर तेवढीच गेली जेवढी रोज जाते.

गंमत पुढे आहे. मॅडम गेल्यावर संजू दिसेना. शोधलं तर दाराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा. मी जवळ गेली तर दोन्ही हात डोक्यावर घेतले त्यानं. त्याला वाटलं, आता मार. मी त्याला म्हटलं, तू खरं बोलला बापा, मी झोपते. त्यानं एक हात काढला, दुसरा ठेवला. म्हणाला, "मंग तू मारशील नाही?" म्हटलं नाही. तेव्हा दुसरा हात काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की हा माझ्यासमोर येऊन बसते, मी झोपते का ते पाहायला. आता झोपायची सोय राहिली नाही.

लोकेंद्र, मला त्या दिवशी एवढंच समजलं. खरं बोला, हे पोरांना सांगणं सोपं आहे. ते बोलल्यावर आपण काय करतो, तिकडे त्यांचं सगळं लक्ष असते. तुझी पोरगी अजून दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभी आहे. तू जाऊन तिला म्हण.

ताई


११ एप्रिल २००३

लोकेंद्र,

कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी एक कार्ड, आणि त्यातही अर्धी जागा कोरी. तू लिहितोस, "जुन्या गोष्टी उकरू नकोस. पोरगी ठीक आहे. मी तिचा बाप आहे, तिच्यासमोर मी लबाड म्हणून उभा राहू काय?"

हो. राहा.

तिनं फावडा पाहिला आहे. तुझ्या हातात पाहिला आहे. तिच्यासमोर तू उभाच आहेस, तिनं पाहिलं नाही असं तू धरून चालला आहेस. आणि त्या पोरीला आता आपल्या डोळ्यांवरही भरवसा राहिला नाही. समोर पडलेल्या गिलासाला ती पता नहीं म्हणते, ते काऊन म्हणते? तिनं जे पाहिलं ते तिच्या बापानं नाही म्हटलं, आणि बाप तिला सगळ्यांत खरा वाटते. मग खोटे कोण, तिचे डोळे. पाच-सहा वर्षांच्या पोरीवर हे ओझं टाकून तू मिलमध्ये पोती मोजतोस.

रागात आपली बोली आली, राहू दे.

मी ताराचंदकडे गेली होती. तुला सांगून गेली असती तर तू मना केलं असतंस. तो ओसरीत दोर वळत बसला होता. उठला नाही, पण बायकोला, अन्नपूर्णाला, म्हणाला, चहा ठेव. मी म्हटलं, लोकेंद्र चुकला. तो म्हणाला, "तुमी काऊन म्हनता? त्याच्या तोंडात जीभ आहे." मग बराच वेळ दोर वळत राहिला. मग म्हणाला, "मले त्याची माफी नोको. पंचाइसमोर मले लबाड ठरवलं, पंचाइसमोर येऊन मनावं, ताराचंद लबाड नोहता. बस." मी विचारलं, आणि हर्षिता? तर म्हणाला, "तिचं नाव मधात घेऊ नोका. लोक मनतात पोरीनं ताराचंदची बाजू घेतली. तिनं कोनाचीच बाजू नाही घेतली. तिले दिसलं थे बोलली."

त्याचा राग गेलेला नाही आणि मी तो घालवायला गेली नव्हती. चहा पिऊन आली.

आता एक आठवण देते. मी विधवा होऊन माहेरी परत आली तेव्हा गुणवंता नवी नवरी होती. केशोरावनं तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, लोकांना म्हण की बहीण चार दिवसांसाठी आली आहे, बरं दिसते. तू ओसरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ताई आता इथंच राहणार." मी आत चुलीजवळ बसली होती. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं या गावात मान वर करून राहून राहिली. तू खरं बोलणारा माणूस आहेस, लोकेंद्र. एका वर्षी पाऊस आला नाही आणि तू घाबरलास, एवढीच ती गोष्ट आहे. पोरीला एवढंच सांग.

हर्षिताला पहिलीत घालताना तिचा हात तूच धर. गुणवंतावर टाकू नकोस.

ताई


६ जुलै २००३

लोकेंद्र,

पत्र छोटं आहे, धानाची रोवणी सुरू आहे. तुझी बांधी केशोरावच्या पोरानं ठेक्यानं घेतली, पण त्याचं मन तिच्यात नाही. धुऱ्यावर गवत मांडीएवढं झालं.

काल गुणवंतानं एसटीडीवरून फोन केला होता. सांगत होती, परवा संध्याकाळी तू हर्षिताला घेऊन खोलीच्या पायरीवर बसला होतास. खूप वेळ. ती आत पोळ्या लाटून राहिली होती, तिला शब्द ऐकू आले नाहीत. नंतर पोरीला विचारलं, बाबा काय बोलला? तर म्हणाली, "पता नहीं." पण गुणवंता म्हणते, या वेळी पता नहीं म्हणताना तिनं बापाकडे पाहिलं.

तू सांगितलंस का रे? की उगाच शाळेच्या गोष्टी केल्यास? मी किती विचारलं तरी तू उत्तर देणार नाहीस, म्हणून विचारत नाही. विचारूनच राहिली आहे म्हणा.

पोळ्याला तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. दोघींना पाठव. तिचा नंदी माझ्याजवळ आहे, मागच्या वर्षी शिवेवर पडला होता, मी उचलून आणला. एक चाक निघालं होतं, ते दुधराम सुताराकडून बसवून घेतलं.

ताई


२९ ऑगस्ट २००३

प्रिय लोकेंद्र,

दोघी उद्याच्या बसनं निघतील. त्या तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी हे पत्र पोचणार नाही हे मला समजते, तरी लिहिते. गुणवंता सांगेल ते तिच्या पद्धतीनं सांगेल आणि मधात रडेल. मला सरळ सांगायचं आहे.

पोळ्याच्या दिवशी पोरगी बरी होती. नंदी घेऊन घराघरांत फिरली. बोलली कमीच. मी तिला काही विचारलं नाही, मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. नारबोदच्या सकाळी वाटलं, तिला घरीच ठेवावं. पण ती पळसाची फांदी घेऊन माझ्याआधी अंगणात उभी.

शिवेवर मागच्या वर्षीचीच माणसं. पोरं ओरडली, खासी-खोकला घेऊन जा, मच्छर घेऊन जा. संजू म्हणाला, "बाईची झोप घेऊन जा गे नारबोद," आणि सगळं गाव माझ्याकडे पाहून हसलं. ताराचंद आपल्या नातवाला खांद्यावर घेऊन एका बाजूला उभा होता. मी मनात म्हणून राहिली होती, केशोरावनं आता गप्प राहावं. पण ते केशोराव. त्यांनी हर्षिताला पाहिलं आणि विचारलंच, "यंदा काय पाठवतेस वं बाई?"

मी तिचा हात धरला. मला वाटलं, आता म्हणणार पता नहीं, आणि ते चार लोकांत एकदा म्हटलं की मग जन्मभर तेच. तिनं माझा हात झटकला.

"खेकडा नेऊ नोको गे नारबोद."

कोणाला समजलं नाही. ती पुढे गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "खेकडा वापस आन. थो माया बाबा होय."

केशोराव खाली बसले. म्हणजे उकिडवे बसले, तिच्याएवढे होऊन. विचारलं, "कोनं सांगतलं तुले?"

"बाबानंच. बाबा मनते, खेकडा गिकडा काई नोहता, मीच होतो. मनते, तू खरी बोलली होतीस."

लोकेंद्र, तू सांगितलंस. मला त्या क्षणी एवढंच ऐकू आलं. बाकीचं गाव काय बोललं ते मला विचारू नकोस, मी पदरानं डोळे पुसून राहिली होती.

पण तेवढ्यावर संपलं नाही, आणि पुढचं तुला माहीत असायला पाहिजे. संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावताना तिनं आपणहून सांगितलं. "मी खेकडा घेऊन जा मनलं अन् नारबोद बाबाले घेऊन गेली. गोंदियाले." मी विचारलं, मग तू बोलणं काऊन सोडलं होतंस? म्हणाली, "मी मनलं का नारबोद नेते. मंग आईले बी नेलं तं?"

समजलं तुला? वर्षभर आपण समजून राहिलो की पोरगी रागावण्याला भेली, तुझ्या लबाडीनं गोंधळली. मी तुला पानंच्या पानं उपदेश केला. तशी ती गोंधळली असेलही. पण ती भेली होती आपल्याच तोंडाला. तिनं एक वाक्य म्हटलं आणि बाप, घर, अंगणवाडी, मी, सगळं गेलं. आणि नारबोद खरंच घेऊन जाते हे तिला कोणी सांगितलं होतं? मी. कुलूप लावता लावता. खेळ आहे हे मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. आणि तिच्यासारख्यांनाच मी मग शिकवत बसली, की समोरच्याला माहीत नसलं तर ती लबाडी.

मी तिला सांगितलं. म्हटलं, नारबोद कोणाला नेत नाही माय. तो आपला खेळ आहे. तुझा बाबा आपल्या पायानं गेला, आणि तुझ्यामुळे नाही गेला. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मंग तू मनली होतीस का नेते?" म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं. ती परत पुढे तोंड करून बसली. मग म्हणाली, "आत्याबाई, तेल लई झालं." खरंच लई झालं होतं, कानावरून ओघळत होतं. रात्री जेवताना म्हणाली, भाजी खारट आहे. तीही खारट होती. मी आणि गुणवंता एकमेकींकडे पाहून हसलो, आणि ती विचारायला लागली, काऊन हसता, काऊन हसता. झोपेपर्यंत विचारत राहिली.

आता तुझं. शिवेवरून परतताना ताराचंद माझ्या बाजूनं चालत आला. नातू खांद्यावरच होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "खेकड्याले सांगा, त्याच्या धुऱ्यावर गवत लई झालं. साप राहतात." आणि पुढे निघून गेला. दहा पावलं जाऊन परत थांबला. "अन् पंचाइचं बाकी आहे मना."

बाकी आहे. केशोरावनी पुढच्या आठवड्यातल्या रविवारी पंचांना बोलावलं आहे, त्यांनाही आपलं काही म्हणायचं आहे म्हणतात. मला त्यांचं माहीत नाही. तू ये. मिलमध्ये सुट्टी मिळत नसेल तर मुनीमला सांग, भैया गाव पे है.

तुझी पोरगी तुझी गोष्ट सगळ्या गावासमोर दोनदा बोलली, रे. तिसऱ्यांदा तिला बोलायला लावू नकोस.

तुझी,
भूमेश्वरीताई